राखलेलं कुरण

"बाहेर काढ तुझी गुरं!" म्हातारा न्कवाबी संतापानं ओरडला.

टांझानियातल्या त्या गावानं उन्हाळ्यासाठी राखलेलं कुरण अजून बंद होतं. गेल्याच आठवड्यात न्कवाबीनं स्वतःची भुकेली गाय फाटकातून माघारी वळवली होती, ती मेली. आज आत कुरण समितीच्या अध्यक्षाची गुरं मजेत चरत होती.

"माझाच नियम मला शिकवता, म्हातारबा?" अध्यक्ष हसला.

"मग पुरा ऐक. घुसलेल्या गुरांतलं एक जनावर कापायचं, मांस गावानं वाटून घ्यायचं."

"कापा की! कोण हात लावतो बघू."

न्कवाबीनं सर्वांत पुष्ट बैलाच्या पाठीवर काठी ठेवली. गावातलं कोणी सोबत आलंय का, हे मागं वळून पाहायचा त्याला धीर होईना. तेवढ्यात भांडी वाजली. गावच्या बायका सुऱ्या आणि पातेली घेऊन आत शिरत होत्या.