सोयरिकीचे खेकडे

रजतचं जुळलं, तर बेबीताईला नर्सिंग शिकलेली सून मिळणार होती. त्यासाठी पोराच्या लिव्हरची फाईल तेवढी दडवायची होती.

मुकुटबनला होणारे व्याही घनश्यामभाऊ यांनी स्वतः नदीचे खेकडे निखाऱ्यावर भाजले. वरून काळे, आतून कच्चे. “जास्त भाजलं तं ताकद जाते. का जावायाले पथ्य हाय?”

“पथ्य कायचं, भाऊ? गोटे पचवते माहा पोट्टा!”

रजतने आईकडे पाहिलं आणि दोन खाल्ले.

तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्तात जंतू पसरले होते. डॉक्टरांनी विचारलं, “खेकडे सगळ्यांनी खाल्ले, मग यालाच कसं झालं? आधी लिव्हरचा काही आजार होता? असला तर औषधं लगेच बदलावी लागतील.”

मागे व्याही उभे होते.

“नाही जी, कधीच नाही,” बेबीताई म्हणाली.

सोयरीक मोडली नाही. रजत गेला, तेव्हाही ती जुळलेलीच होती.