भिंतीला लागून

नवऱ्याने सुट्टी टाकून, स्वतः ब्रश हातात घेऊन हॉलला काळपट निळा रंग मारला. तेव्हापासून भर दुपारीही घरात अंधारून यायचं.

"संध्याकाळी तुझे बाबा येतायत, त्यांना गुहेत बसवू नकोस. मी येईपर्यंत वायरमनकडून नवे दिवे बसवून घे," असं फर्मान सोडून तो कामाला गेला.

वायरमन शिडीवर चढला, तशी तिने छतावरची जागा दाखवली. "इथे, भिंतीला अगदी लागून."

"ताई, मधोमध लावू या, खोली उजळेल. भिंतीला लागून दिवा लावला तर उजेड वरून खाली घासत येतो. मग बारीकसा खड्डाही उठून दिसतो. रंगाने झाकलेलं सगळं उघडं पडेल हो!"

तिने बाहीचं टोक मनगटापर्यंत ओढून घेतलं. "तिथेच लावा."

संध्याकाळी नवऱ्याने सासऱ्यांसमोर ऐटीत बटण दाबलं आणि त्याचा चेहराच उतरला. समोरच्या भिंतीवर, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीला, सात-आठ खड्डे लख्ख दिसत होते. बाबा उठले. एका खड्ड्यात त्यांनी आपली मूठ ठेवून पाहिली. चपखल बसली.

नवऱ्याचा हात घाईघाईने बटणाकडे गेला.

"राहू दे चालू," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "बाळा, बॅग भर."



"भरलीय बाबा. वायरमनला फोन करायच्या आधीच."