पहिल्या स्टॉपचे काका

बटण दाबलं, बस फुटपाथच्या बाजूला झुकली, रॅम्प हातभर बाहेर आला आणि तिथंच अडून बसला.

"झालं," ड्रायव्हर पुटपुटला. "नेमकं आजच घोडं अडायचं होतं."

खाली काका चाकांच्या खुर्चीत शांत बसले होते. पहिल्या स्टॉपवरचे ते रोजचे प्रवासी. खुर्ची जुनी आणि त्यांना जरा तोकडीच, त्यामुळे गुडघे वर यायचे. तिसऱ्या स्टॉपला उतरायचे. चढताना "आभारी आहे", उतरताना "आभारी आहे", मध्ये फारसं बोलणं नाही.

"सावकाश होऊ द्या," काका म्हणाले. "बस सुटायला दहा मिनिटं आहेत अजून. डावीकडच्या खाचेत बघा, खडा असेल."

खडाच निघाला. ड्रायव्हरने ब्रश मारून खाच साफ केली आणि पुन्हा बटण दाबलं. रॅम्प निमूटपणे फुटपाथला टेकला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"माफ करा काका, तुमचा खोळंबा झाला."

"बरं झालं, इथंच अडला."

काकांच्या खुर्चीला पट्टा लावताना ड्रायव्हरला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. चौथ्या स्टॉपवर एक शिक्षिका चढते, तीही खुर्चीतच. मागे दुसऱ्या बसचा रॅम्प उघडेना, म्हणून तिला महिन्यात चारदा शाळेत उशीर झाला. मुख्याध्यापकांनी बजावलं, आणखी एकदा उशीर झाला तर वर्ग दुसऱ्याकडे. तिच्या नोकरीचं चाचणीचं वर्ष आज संपतं. आज वेळेवर पोचली की ती कायम.

"तुम्ही तिचं एवढं लक्षात ठेवता?" काकांनी विचारलं.

"ठेवायलाच हवं. इतके आभार मानते की मलाच लाजल्यासारखं होतं. मी काय करतो? बटण दाबतो. अख्ख्या डेपोत हा एकच रॅम्प धड आहे, एवढंच."

"हा एकच का बरं?"

"मिस्त्री म्हणतो, रोज हलला तर चालतो, नाहीतर धूळ बसून गच्च होतो. कुणीतरी अर्जही दिला होता, रोज सकाळी एकदा उघडून बघत जा म्हणून. साहेबांनी उलट उत्तर धाडलं, खुर्चीतला प्रवासी असेल तरच उघडायचा. प्रत्येक वेळेची नोंद होते यंत्रात, त्यामुळे गुपचूप उघडायचीही सोय नाही." ड्रायव्हर हसला. "आता रोज सकाळी प्रवासी आणायचा कुठून? माझं नशीब म्हणून तुम्ही मिळालात."

काकांनी खुर्चीचा ब्रेक पुन्हा एकदा तपासला.

तिसऱ्या स्टॉपला रॅम्प अगदी सहज उघडला. काका उतरले. आज त्यांनी "आभारी आहे" दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हणताना हात जोडले. इतकं काय मोठं केलं आपण, असं ड्रायव्हरला वाटलं, पण बरंही वाटलं. हात हलवून त्याने बस पुढे काढली.

काका स्टॉपवरच थांबले. बस वळणाआड गेली तरी ते तिकडेच बघत होते. थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, चढले मी," पलीकडून मुलगी म्हणाली. "आजही उघडला. आता पोचते वेळेत."

"छान."

"या ड्रायव्हरदादांचे फार उपकार आहेत हो आपल्यावर."

"आहेतच," काका म्हणाले. "कधी विसरू नकोस."

फोन खिशात ठेवून त्यांनी डोळे पुसले. ओळखीचं कुणी नाही ना, हे दोन्हीकडे नीट बघून घेतलं. मग ते उठले, खुर्चीची घडी घालून ती काखोटीला मारली आणि झपझप घराकडे चालू लागले.