तनिषाने कुठल्या बाजूने खेळावं

पद्माकरने आइस रिंकच्या दारातच खिशातला कागद काढून उलगडला. चौकटीच्या कागदावर हॉकीचं मैदान, दोन गोल आणि उजव्या कडेला लाल पेनाने ठसठशीत फुली. फुली म्हणजे त्याची लेक, तनिषा. लंडनच्या हाउन्सलोहून लेकीच्या गावी, मिल्टन कीन्सला यायला त्याला अडीच तास लागले होते. विमानतळावरची रविवारची कार्गोची शिफ्ट त्याने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या गळ्यात मारली होती. आज कोचशी समोरासमोर बोलून सोक्षमोक्ष लावायचाच होता.

वाद जुना होता. तनिषा स्टिक डावखुरी धरते. म्हणून कोच तिला डाव्या विंगवर, म्हणजे डाव्या कडेला उभी करते; कडेने आलेला पास तिथे सोपा जातो. पद्माकरचं म्हणणं, तिला उजवीकडे टाका. तिथे स्टिक मैदानाच्या मध्याकडे राहते आणि गोल अख्खा दिसतो. लहानपणी तिच्या डाव्या हातातला घास काढून उजव्यात देणारा हाच बाप, पण आता सायबर कॅफेत बसून त्याने या विषयावर पानंच्या पानं वाचली होती. स्वतः बर्फावर दोन पावलं टाकली असती तर तोंडावर आपटला असता, ती गोष्ट वेगळी.

घटस्फोटानंतर लेक आईकडे राहिली आणि बापाच्या वाट्याला रविवारचा पाच वाजताचा फोन आला. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "फाइन." दोन मिनिटांत विषय संपायचे. मग कधीतरी हा डाव्या-उजव्याचा वाद निघाला आणि फोन पाऊण-पाऊण तास चालू लागला. ती भांडायची, चिडायची, खळखळून हसायची. पद्माकर पुढचा आठवडा त्यावर काढायचा.

कोचबाई कठड्याशी उभ्या होत्या. आत मुलींची मॅच रंगात आली होती. त्याने आपलं नाव सांगितलं, कागद पुढे केला.

"तनिषा?" बाई गोंधळल्या. "शी लेफ्ट इन ऑक्टोबर, लव्ह. ए-लेव्हल्स. डिडन्ट शी टेल यू?"

बारावीच्या परीक्षेसाठी ऑक्टोबरात खेळ सोडला, आणि आता फेब्रुवारी चालू होता.

"यस, यस," पद्माकर म्हणाला, "आय फरगॉट." त्याने कागद मागे घेतला. म्हणजे नाताळच्या आधीचे ते दोन गोल, पडून सुजलेला गुडघा, गेल्या रविवारी हुकलेला पास, सगळं पोरीने घरी बसून त्याच्यासाठी रचलं होतं. राग यायला हवा होता. आला नाही. तो कागदावरच्या लाल फुलीवरून अंगठा फिरवत राहिला.

तेवढ्यात पाच वाजले आणि फोन आला.

"बाबा, आत्ताच मॅच संपली," तनिषा धापा टाकत म्हणाली. समोर रिंकवर भोंगा वाजला, तसा तिला तो ऐकू जाऊ नये म्हणून पद्माकरने फोन कोटाच्या आत दाबला आणि धावतच बाहेर पार्किंगमध्ये आला.

"बाबा? आर यू देअर? गेस व्हॉट, कोचने आज मला राइटला टाकलं. मच बेटर! तुम्ही बरोबर होता, बाबा. आय गिव्ह अप. तुम्ही जिंकलात."

हे ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता. जिंकला, आणि त्याला धडकीच भरली. पुढच्या रविवारी आता बोलायचं काय? पुन्हा जेवलीस का, पुन्हा दोन मिनिटं.

"छे, छे," तो म्हणाला. "मी आठवडाभर विचार केला, बाळा. कोचचंच खरं. तू डावीकडेच खेळायला हवंस."



"नो वे, बाबा!" तिचा आवाज एकदम खुलला. "असं कसं? थांबा, मी सांगते तुम्हाला राइटवरून काय होतं ते."

"सांग," पद्माकर म्हणाला. "सावकाश सांग. मला काही घाई नाही."