मुठीवाल्याचं येणं

मुठीवाल्याला सकाळी पाठवलेले पैसे दुपारी परत आले. त्याचं खातं बंद झालंय, असं बँकेचं म्हणणं.

"मामा, आजच्या आज गेले पाहिजेत," मालकांची भाची म्हणाली. ती कारखान्याच्या कराचं काम पाहायची आणि त्या कामात मामाचा मुलाहिजा ठेवायची नाही.

मालकांचा छत्र्यांचा कारखाना होता. कापड आणि काड्या मोठ्या कंपन्यांकडून यायच्या. त्यांचे पैसे वेळेवर द्यावेच लागत, नाहीतर माल थांबे. मुठीवाल्याचं तसं नव्हतं. घरामागच्या शेडमध्ये वेत वाफवून, वाकवून तो छत्र्यांच्या मुठी करायचा आणि पैशांची आठवण करून द्यायला कारखान्यातल्या बाकावर येऊन बसायचा. मालक त्याला चहा पाजायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि पुढच्या महिन्यात नक्की, म्हणायचे. तो मान हलवायचा. पुढच्या महिन्यात नव्या मुठी घेऊन यायचा.

मग तो नियम आला. लहान कारागिरांची बिलं ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, चुकती करायची. मुदत टळली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी कराच्या हिशेबात तो खर्च धरायचाच नाही. म्हणजे मुठींचे न दिलेले पैसे मालकांचा नफा ठरणार आणि त्यावर कर बसणार. मुठीवाल्याची थकबाकी डोंगराएवढी झाली होती, आणि कराचं वर्ष आज संपत होतं.

"अगं, पण मुठी तर घेतल्यात ना मी? खर्च झालाच की."

"तुमच्या कागदावर झालाय, मामा. त्याच्या हातात पडेल तेव्हा खरा."

मालकांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा मुठीवाल्याच्या बायकोनं उचलला आणि ते बाहेर गेलेत, कधी येतील सांगता येत नाही, असं सांगून ठेवून दिला. मागून कानशीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मालकांना राग यायला हवा होता, पण हसू आलं. हेच वाक्य त्यांच्या कारखान्यातून किती जणांना ऐकवलं गेलं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

ते स्वतःच निघाले. गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून, पत्र्याचे तुकडे आणि लाकडाचा भुसा चुकवत चालू लागले. आपण इथं पहिल्यांदाच येतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. पण मनात धास्ती नव्हती. मुठीवाला आपला माणूस. पलीकडच्या छत्रीवाल्यानं त्यांचा रंगारी फोडला, शिवणारे फोडले, पण हा हलला नव्हता. चारचौघांत मालक हे अभिमानानं सांगत. पैशानं माणसं येतात, जीव लावला की टिकतात.

शेडमध्ये वाफ कोंडली होती. मुठीवाला ओल्या हातानं वेत वाकवत होता. मालकांना पाहून तो ओशाळला, पण वेत सोडला नाही. सोडला असता तर सरळ झाला असता.

"नवं काम असेल तर आज नको, मालक."

"काम राहू दे. तुझ्या खात्याचा नंबर दे आधी. सगळी बाकी देऊन टाकतो."

मुठीवाल्याला ते नीट ऐकू गेलं नसावं. त्याच्या बायकोला गेलं. ती आतून पासबुक घेऊन आली आणि जुनी बँक बंद पडल्यावर नवं खातं काढलंय, असं सांगू लागली. मालकांनी नंबर भाचीला कळवला. वाफेच्या पेटीतून बुडबुड आवाज येत होता. मालकांनी उगाच एक मूठ हातात घेतली. कुठं चीर नाही, कुठं खरखर नाही. अशी मूठ दुसरं कोणी करत नाही, हे त्यांना माहीत होतं. हे त्याला कधी बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

मुठीवाल्याचा फोन वाजला. त्यानं हात पुसले, संदेश वाचला, पुन्हा वाचला आणि फोन बायकोकडे दिला. ती मटकन स्टुलावर बसली आणि पदरानं डोळे टिपत हसू लागली.

मालकांच्या फोनवर भाचीचा निरोप आला. गेले, सुटलात. मालकांचा जीव भांड्यात पडला. कर वाचला होता, आणि ध्यानीमनी नसताना एक चांगलं कामही हातून घडलं होतं. कित्येक दिवसांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. मुठीवाल्याच्या बायकोनं दिलेलं पाणी ते घटाघट प्यायले.

"आता कधी असं होणार नाही," ते म्हणाले. "वेळच्या वेळी पैसे. माझा शब्द. आणि हे बघ, यंदा मोठ्या दुकानांची मागणी आलीय. दुप्पट मुठी लागतील. तुझ्या भरवशावर हो म्हणून बसलोय."

मुठीवाल्यानं वाफेच्या पेटीखालची शेगडी बंद केली. बुडबुड थांबली. त्यानं मोठा श्वास घेतला, जणू पाठीवरचं ओझं आत्ताच खाली ठेवलं होतं.

"ते आता नाही जमायचं, मालक," तो अगदी नरमाईनं म्हणाला. "पैसे अडकले होते, म्हणून तर तुमचं काम करत होतो."