नाव सांगणारा माणूस

नुमेरियस व्हिबियस थोरल्या भावाच्या दारात पालखीतून उतरला, तेव्हा माफीची वाक्यं त्याला तोंडपाठ होती. एकूण सात. वाटेत त्याने दोन गाळली, कारण त्यांत चूक भावाचीच निघत होती.

बारा वर्षांपूर्वी दादा, म्हणजे डेकिमस, रोममधल्या सर्वोच्च अशा कॉन्सलपदाच्या निवडणुकीला उभा होता. हा माणूस त्या पदाच्या लायकीचा नाही, असं भर सभेत उठून सांगणारा धाकटा भाऊच निघाला. तत्त्वाचा प्रश्न होता. रोमभर वाहवा झाली, दादा पडला, आणि बोलणं बंद झालं. पुढे नुमेरियसने म्हातारपणातल्या समाधानावर पपायरसच्या तीन गुंडाळ्या लिहिल्या. उतारवयात राग पिकल्या अंजिरासारखा आपोआप गळून पडतो, आपण फक्त थांबायचं, असं दुसऱ्या गुंडाळीत आहे. त्याप्रमाणे तो थांबला. सत्तरी उलटल्यावर त्याच्या लक्षात आलं की थांबणं आपल्याला जरा जास्तच जमलं.

दादा अंगणात उन्हाला बसला होता. गुळगुळीत दाढी, निवडणुकीचे उमेदवार घालतात तसा पांढराशुभ्र तोगा. मागे त्याचा जुना ग्रीक गुलाम हर्मिप्पस. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगायचं, एवढंच त्याचं काम. मतं मागायच्या दिवसांत त्याच्यावाचून दादाचं पान हलत नसे.

हर्मिप्पसने वाकून त्याच्या कानाशी नाव सांगितलं. दादाचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही हातांनी नुमेरियसचा हात धरला.

"यावं, नुमेरियस. घरची मंडळी बरी आहेत ना? मतदानाला आपली कृपा असू द्या."

नुमेरियसला हा टोमणा वाटला. उत्तरही जिभेवर आलं. मग त्याने दादाच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे टोमणा नव्हता. राग खरोखरच गळून पडला होता, आणि जाताना धाकट्या भावालाही घेऊन गेला होता.

तरी त्याने पाचही वाक्यं म्हटली. उमेदवार ऐकतो तशी दादाने ती मान डोलावत ऐकून घेतली. इतकं जुनं कुणी मनात ठेवू नये, असं वर समजावलंही. मग भर सभेत बोललेल्या त्या भावाची आपुलकीने चौकशी केली, हयात आहे ना म्हणून.

"दादा, तो मीच रे," नुमेरियस म्हणाला.

दादा अदबीने हसला आणि मागे वळला. कमी ऐकू येऊ लागल्यापासून त्याला हळू बोलता येत नसे.

"हर्मिप्पस, हे गृहस्थ मला आवडतात का?"

नावाखेरीज काही सांगायची हर्मिप्पसला सवय नव्हती. त्याने नुमेरियसकडे पाहिलं. खऱ्यासाठी सख्ख्या भावाला पाडणाऱ्या नुमेरियसने गुलामाकडे बघून हळूच होकारार्थी मान हलवली.

"फार, मालक," हर्मिप्पस म्हणाला.

"मग त्यांना उभं काय ठेवलंयस?" असं म्हणून दादा बाकावर थोडा सरकला.