जहाजाचं गोत्र

"गोत्र?" श्रीनिवासनं विचारलं आणि पळी हातात धरून थांबला.

सुखदेई आजी समोर पाटावर बसल्या होत्या. नवऱ्याचं तेरावं. मूलबाळ नाही, म्हणून पिंड त्याच देणार होत्या. हॉलंडमधल्या आल्मेरेच्या त्या घरात तिसरं माणूस नव्हतं. दिवसाला एकच पाहुणा, असा सरकारी नियम होता, आणि आजचा पाहुणा म्हणजे शेजारचा श्रीनिवास.

बिसुन आजोबा करोनानं गेले. त्यांचे सुरिनामी भटजीही आजारी पडले होते. श्रीनिवास आयटीतला. मंडळाचा गणपती बसवायचा, हौसेनं सत्यनारायण सांगायचा, इतकंच. "हे एकदा केलंस की पुढच्या वर्षी गणपतीला तुला कोण बोलावेल?" असं त्याची बायको पद्मजा सकाळीच म्हणाली होती. पण भिंतीपलीकडचं रडणं रोज ऐकू येत होतं, आणि घरून काम करणाऱ्या माणसाला ते टाळता येत नव्हतं.

"गोत्र नाही ठाऊक," आजी म्हणाल्या. त्यांची हिंदी बिहारकडची, आज्या-पणज्यांच्या काळातली.

"हरकत नाही. माहीत नसलं की काश्यप म्हणतात."

"कोण काश्यप?"

"एक ऋषी."

"आमचे नव्हेत ते. कलकत्त्याच्या मजूरभरतीच्या डेपोत कारकुनानं यांच्या आजोबांचं नाव, गाव, सगळं आपल्या मनानं लिहिलं. आता मेल्यावरही दुसऱ्याचंच लावायचं?"

"मग तुम्ही स्वतःला कुठले म्हणता?"

"मार्गारेटचे."

मार्गारेट म्हणजे जहाज. डचांच्या उसाच्या मळ्यांवर करारानं राबायला ते माणसं घेऊन दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेलं होतं. जात समुद्रातच बुडाली, असं आजी म्हणाल्या. करार संपल्यावर सरकारनं कालव्याकाठी जमिनीचे तुकडे दिले, तेव्हा एका जहाजाची माणसं शेजारीशेजारी घरं बांधून राहिली. ती सगळी एकमेकांची भावंडं. त्यांच्या मुलानातवंडांत सोयरीक व्हायची नाही.

श्रीनिवासनं पळीत पाणी घेतलं. "आजी, गोत्र म्हणजे तरी वेगळं काय असतं? हेच तुमचं गोत्र."

त्यानं आजींच्या तळहातावर पाणी घातलं आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, "मार्गारेटगोत्रस्य..." पुण्यातल्या गुरुजींनी ऐकलं असतं तर हातातलं ताम्हन काढून घेतलं असतं. श्रीनिवासला मात्र आपलं कौतुक वाटलं. चांगलं काम करताना माणसाला स्वतःचं कौतुक जरा जास्तच वाटतं.

टीपॉयवरच्या लॅपटॉपमध्ये बिसुन आजोबांचे थोरले भाऊ रामधनी सुरिनाममधल्या पारामारिबोहून बघत होते. नव्वदीचे, बनियनवर. तिकडे नुकतंच उजाडलं होतं. ही जोडणीही श्रीनिवासचीच. आजी नको म्हणत होत्या. पण घरचं कोणीतरी असावं म्हणून त्यानं फेसबुकवरून रामधनींचा नातू हुडकून काढला होता.

"आणि तुमचं माहेर कुठल्या जहाजाचं?" त्यानं विचारलं. विधीला त्याची गरज नव्हती. त्याला आपला उत्साह आला होता.

उत्तर लॅपटॉपमधून आलं.

"मार्गारेट. तिचा आजा आणि आमचा आजा एकाच जहाजातून उतरले."

श्रीनिवासला कळायला क्षणभर लागला. जहाजाला त्यानंच आत्ता गोत्र केलं होतं, आणि त्या गोत्रात या दोघांचं लग्न बसत नव्हतं.

"आमच्या दारात मांडव पडला नाही," रामधनी म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "बापानं बिसुनचं नाव टाकलं. दोघं हॉलंडला निघून गेले. पोटी काही झालं नाही. आज पंडितजीही दोघांचं एकच गोत्र सांगताहेत."

"मी पंडित नाही हो, मी तर..." श्रीनिवास म्हणाला. आजींकडे वळून तो हळूच म्हणाला, "आजी, आपण काश्यपच म्हणू. सगळे म्हणतात."

आजींनी नकारार्थी मान हलवली.

"सुखदेई," रामधनी म्हणाले, "पिंड दे. बहीण म्हणून दे. मग तू आमची. मी इथून हात जोडतो. माझ्यामागे पोरं तुला फोन करतील, विचारपूस करतील. बायको म्हणून नको देऊस."

त्यांनी खरंच हात जोडले. म्हातारा मनापासून बोलत होता, आणि तेच फार वाईट होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आजींना या देशात फोन करणारं कोणी नव्हतं, हे भिंतीपलीकडे राहणाऱ्या श्रीनिवासला पक्कं माहीत होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर त्यानं त्यांना दोष दिला नसता.

साठ वर्षांनी घरचं माणूस बोलावत होतं. आजी त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. तो चेहरा बिसुन आजोबांसारखाच होता. आजींच्या तळहातावरचं पाणी बोटांतून पाटावर गळून गेलं.

मग त्यांनी ओल्या हातानं लॅपटॉप मिटला.

"जहाज आहे तेच राहू दे," तळहात पुन्हा पुढं करत त्या म्हणाल्या. "पण मी त्यांची बायको. तेवढं तुमच्या संस्कृतात नीट म्हणा."